आईविना सापडलेली गावठी पिल्ले: पहिल्या तासापासून खुराड्यापर्यंत

कुंपणाच्या कडेला, गवताच्या गंजीखाली किंवा बंद घराच्या अंगणात आईविना चिवचिवणारी कोंबडीची पिल्ले सापडली की पुढचा प्रकार बहुतेक घरांत सारखाच घडतो. कोणी तरी त्यांना बुटांच्या खोक्यात घालतो, समोर तांदळाच्या कण्या टाकतो, वाटीभर पाणी ठेवतो आणि घर झोपी जाते. सकाळी निम्मी पिल्ले मेलेली असतात. ‘खात होती हो, तरी मेली,’ असे मग सांगितले जाते. खाणे समोर असूनही ती मेली, कारण ती रात्रभर गारठली होती आणि गारठलेल्या पिल्लाच्या पोटात गेलेला दाणा पचतच नाही. या लेखातील बहुतेक सूचना एका क्रमाभोवती फिरतात: आधी ऊब, मग पाणी, मग खाणे. हा क्रम उलटा केल्याने वाया गेलेली पिल्ले मी बरीच पाहिली आहेत आणि त्यांतले एक माझ्या हातून गेले आहे.

हे मार्गदर्शन मोकाट हिंडणाऱ्या, कोणाच्या खुराड्यात न राहणाऱ्या गावठी कोंबड्यांच्या पिल्लांसाठी आहे आणि ज्याने आजवर एकही कोंबडी पाळलेली नाही अशा माणसाला समोर ठेवून लिहिले आहे. मी तळकोकणात राहतो, त्यामुळे पाऊस, ओल आणि जाणारी वीज यांचा उल्लेख वारंवार येईल. घाटावरच्या वाचकांनी त्याच्या जागी डिसेंबर-जानेवारीतली रात्र धरावी.

## टप्पा १: हात लावण्यापूर्वी पिल्लू कोणाचे आहे ते ठरवा

पिल्ले एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असे नव्हे. माणूस किंवा कुत्रा जवळ आला की कोंबडी पिल्लांना दडवून स्वतः बाजूला पळते आणि धोका टळला की परत येते. म्हणून वीस-पंचवीस पावले मागे जाऊन, शक्य तर आडोशाला, अर्धा तास शांत बसावे. पिल्ले भिजलेली असतील, अंधार पडत असेल किंवा मांजर आसपास घुटमळत असेल तर मात्र इतके थांबू नये. पिसांचा पसारा किंवा रक्ताचे डाग दिसले तर आई मुंगसाने किंवा कुत्र्याने नेली असे समजण्यास हरकत नाही.

दुसरी तपासणी अधिक महत्त्वाची आहे. जमिनीवर पळणारे प्रत्येक पिल्लू कोंबडीचे नसते. टिटवीचे पिल्लू मातकट ठिपक्यांचे आणि लांब पायांचे असते व त्याचे आईबाप डोक्यावर ओरडत घिरट्या घालतात. ते होते तिथेच राहू द्यावे. तितर, लावा आणि मोर यांची पिल्लेही फसवतात. सह्याद्रीच्या जंगलालगत राखी रानकोंबडीची पट्टेदार पिल्ले गावठी पिल्लांसारखीच दिसतात, त्यामुळे वस्तीपासून दूर, रानात सापडलेल्या पिल्लाबद्दल शंका घेणेच योग्य. हे सर्व पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली येतात. त्यांना घरी वाढवणे हा गुन्हा आहे आणि ते घरात सहसा जगतही नाहीत. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

तपासणी: वस्तीत किंवा वस्तीलगत सापडली आहेत का? अर्धा तास आई आली नाही का? आसपासच्या दोन-तीन घरी विचारले का? गावात मोकाट दिसणाऱ्या कोंबडीलाही पुष्कळदा मालक असतो.

## टप्पा २: आधी खोका, मग पिल्ले

पिल्ले हातात आल्यावर बल्ब शोधायला बाजारात जाणे ही नवख्याची पहिली चूक. पकडण्याआधी पुढील गोष्टी जागेवर हव्यात.

खोका साधारण दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि निदान दीड फूट उंच असावा. पाच-सहा पिल्लांना तो पहिले दोन आठवडे पुरतो. चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याचा वाकवलेला तुकडा लावून कोपरे गोल करावेत, कारण घाबरलेली पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरते. वरून जाळी हवीच. गावठी पिल्लाला आठवड्याभरात पंखांची पिसे येतात आणि मोकाट आईचे पिल्लू दहाव्या दिवशी फूटभर उडी सहज मारते.

तळाशी वर्तमानपत्र घालू नये. ते गुळगुळीत असते, त्यावर पाय घसरतात आणि कोवळ्या सांध्यांचे पाय दोन्ही बाजूंना फाकतात ते फाकतातच. पहिले तीन दिवस जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा, धागे न सुटलेला सपाट तुकडा उत्तम. गोणपाटाचे धागे नखांत व बोटांत गुंडाळले जातात, म्हणून ते नको. खाणे कोणते हे पिल्लांना कळू लागल्यावर भाताचे तूस दोन इंच पसरावे. करवतीचा बारीक भुसा पिल्ले दाणा समजून गिळतात.

उबेसाठी ६० वॉटचा जुना, पिवळा उजेड देणारा तारेचा बल्ब लागतो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. हे लिहायला लागू नये, पण लागते. बल्ब खोक्याच्या एका टोकाला, पिल्लांच्या पाठीपासून एक ते दीड फूट उंचीवर टांगावा, म्हणजे दुसरे टोक थंड राहील आणि पिल्लाला स्वतःची जागा निवडता येईल. तो नुसत्या वायरीवर सोडू नये, वरच्या आडव्या काठीला तारेने वेगळा बांधावा.

इशारा: सुटून तुसावर पडलेला बल्ब घर पेटवू शकतो. बल्ब आणि पुठ्ठा, जाळी किंवा कापड यांच्यात कोठेही वीतभरापेक्षा कमी अंतर ठेवू नये.

तापमापक हवा, पण तापाचा नव्हे. तापाचा तापमापक ३२ ते ३५ अंशांच्या खाली काही दाखवत नाही. भिंतीवरचा किंवा माशांच्या टाकीचा साधा तापमापक घेऊन तो पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ठेवावा.

पाण्यासाठी बरणीचे उथळ झाकण घ्यावे व त्यात गोट्या किंवा धुतलेले खडे भरावेत, म्हणजे चोच बुडेल पण पिल्लू बुडणार नाही. वाटीत बुडून मेलेले पिल्लू पाहिलेले नसेल, तर ही सूचना अतिशयोक्त वाटते. अर्ध्या इंच पाण्यात पिल्लू मरते.

## टप्पा ३: पकडणे

दिवसा पाठलाग करू नये. पाठलागाने पिल्ले चारी दिशांना पांगतात, दमतात आणि दडलेले पिल्लू मग हाताच्या अंतरावर असूनही हूं की चूं करत नाही. गेल्या वर्षी ज्येष्ठात आमच्या परसातल्या गडग्यात, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणभिंतीत, पाच पिल्ले शिरली होती. विजेरीच्या प्रकाशात दोन चिऱ्यांच्या फटीत त्यांतले एक मला दिसले: मान आत ओढलेली, डोळे मिटलेले, शेवाळाच्या रंगात इतके मिसळलेले की आधी तो गवताचा बोळा वाटला. चार तास मी त्याच्यासमोरून जा-ये करत होतो.

अंधार पडू लागला की पकडावे. पिल्लाला अंधारात दिसत नाही व ते बसल्या जागी राहते. हात वरून नेऊ नये, कारण वरून येते ती घार. तळहात वर करून खालून उचलावे आणि मूठ छातीवर आवळू नये. पक्ष्याची छाती हलली तरच त्याचा श्वास चालतो, त्यामुळे ‘सुटेल म्हणून घट्ट धरलेले’ पिल्लू हातातच गुदमरते.

एक सापडले की ते दुरडीत झाकून तिथेच ठेवावे. त्याच्या ओरडण्याने बाकीची उत्तर देऊ लागतात आणि जागा कळतात. आई जिवंत पण हाती न येणारी असेल, तर पिल्ले डालग्याखाली (बांबूच्या विणीच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवून डालग्याची एक कड विटेवर टेकवावी. कोंबडी पुष्कळदा आपणहून आत येते आणि मग पुढचे निम्मे काम तीच करते.

## टप्पा ४: पहिले दोन तास

ऊब. पिल्लाचे पाय आपल्या गालाला लावून पाहावेत. पक्ष्याचे शरीर माणसापेक्षा गरम असते, म्हणून निरोगी पिल्लू हाताला ऊनच लागते. पाय गार लागले की पिल्लू गारठले आहे असे समजावे, मग ते कितीही ओरडत असो. ओले असल्यास आधी मऊ फडक्याने टिपून घ्यावे. त्यानंतर अंगावरच्या शर्टाच्या आत पोटाशी धरावे किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवावे. केस वाळवण्याच्या यंत्राचा झोत जवळून मारू नये आणि चुलीजवळ ठेवू नये. अर्धा ते एक तास लागतो. ऊब पुरेशी मिळाल्याची खूण आवाजात आहे. ‘चीं चीं चीं’ असा टोकदार, सलग आवाज थांबतो आणि पिल्लू मधूनच ‘चुर्रर्र’ असे बारीक, समाधानाचे काही तरी बोलते. तो आवाज येईपर्यंत पुढची पायरी घेऊ नये.

पाणी. कपभर कोमट पाण्यात चहाचा एक चमचा साखर किंवा गूळ विरघळवावा. पिल्लाची चोच टोकापुरती एकदा पाण्याला लावावी; ते मान वर करून गिळते आणि मग पाणी काय हे त्याला कळते. ड्रॉपरने किंवा सिरिंजने तोंडात पाणी सोडू नये, ते श्वासनळीत जाते. फारच मलूल पिल्लाच्या चोचीच्या कडेला एकेक थेंब टेकवावा व ते स्वतः ओढून घेईपर्यंत थांबावे. हे गोड पाणी फक्त पहिले तीन-चार तास द्यायचे. दुसऱ्या दिवशीही साखरपाणी देणाऱ्यांच्या खोक्यात मुंग्या आणि पातळ शी या दोन्ही गोष्टी हजर होतात.

खाणे. अंड्यातून बाहेर येण्याआधी पिवळा बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो व त्यावर ते दोन ते तीन दिवस निभावू शकते. म्हणून पहिल्या दिवसाचे पिल्लू रात्रभर न खाता राहिले तरी चालते, गारठून राहिले तर चालत नाही. माझे पाचवे पिल्लू मी इथेच गमावले. ते सर्वांत लहान होते, चोच उघडत होते, म्हणून मी शर्टात घेण्याऐवजी त्याला मक्याचा भरडा भरवला. पहाटे त्याच्या गळ्याखालची अन्नपिशवी तशीच भरलेली होती.

ऊब आणि पाणी झाल्यावर भरडा कापडावर विखरून त्यावर बोटाच्या टोकाने टक-टक करावे. आई चोचीने जे करते त्याची ही नक्कल आहे आणि पिल्ले तिला लगेच फसतात.

वयाचा अंदाज: चोचीच्या टोकावर पांढरा दाण्याएवढा खडबडीत ठिपका असेल तर पिल्लू एक-दोन दिवसांचे. पंखांना पिसे पण शेपूट नाही, तर साधारण आठवड्याचे. शेपटी फुटलेली असेल तर दोन आठवड्यांचे. डोके व मान सोडून सर्वत्र पिसे असतील तर चार आठवड्यांच्या पुढचे. पुढची सर्व तापमाने या वयावर ठरतात, सापडल्याच्या दिवसावर नव्हे.

## टप्पा ५: ऊब किती, आणि ती कशी ओळखायची

पहिल्या आठवड्यात बल्बाखाली ३३ ते ३५ अंश, दुसऱ्यात ३० ते ३२, तिसऱ्यात २७ ते २९, चौथ्यात २४ ते २६ अंश सेल्सिअस; त्यानंतर घरातले तापमान चालते. म्हणजे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करायचे आणि ते बल्ब वर उचलून करायचे. कोकणात मे महिन्याच्या दुपारी घरातच ३३ अंश असतात, तेव्हा बल्ब बंद ठेवावा. पुण्या-नाशकाकडच्या हिवाळी रात्री मात्र पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत तो लागतो.

आकड्यांपेक्षा पिल्ले बसली कशी आहेत ते पाहणे अधिक विश्वासाचे. बल्बाखाली एकावर एक चढून ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. बल्ब खाली घ्यावा. बल्बापासून दूर, चोच उघडी टाकून आणि पंख सैल सोडून बसली असतील तर उकडते आहे. बल्ब वर घ्यावा. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याचा झोत येतो आहे. खोक्याची जागा बदलावी. खोकाभर पसरून, काही खात, काही मान टाकून झोपलेली असतील तर सर्व ठीक आहे. मान टाकून झोपलेले पिल्लू मेल्यासारखे दिसते, हे आधीच माहीत असलेले बरे.

झोपण्यापूर्वी एकदा, रात्री दोनच्या सुमारास एकदा आणि पहाटे एकदा खोक्यात डोकावावे. पहाटेची वेळ सर्वांत थंड असते आणि सगळे गाढ झोपेत असतात. पहिले तीन दिवस गजर लावण्याला पर्याय नाही.

वीज गेली तर: दोन बाटल्या गरम पाण्याने भरून फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवाव्यात, वरून तीन बाजूंनी चादर टाकावी आणि पाणी दर दोन-अडीच तासांनी बदलावे. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. तिच्या वायूने पिल्ले मरतात, आणि शेजारी झोपलेली माणसेही.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी मिळत असेल तर हा सारा खटाटोप वाचतो, पण त्यासाठी तीन अटी आहेत. पिल्ले तीन-चार दिवसांपेक्षा मोठी नसावीत. कोंबडी निदान दोन आठवडे अंड्यांवर बसलेली असावी किंवा तिची स्वतःची पिल्ले त्याच वयाची असावीत. आणि पिल्ले अंधारात, एकेक करून, तिच्या पंखाखाली सरकवावीत. दिवसाउजेडी समोर ठेवलेले परके पिल्लू ती टोचून मारते. उजाडण्याआधी स्वतः तिथे हजर राहावे आणि तिने डोक्यावर टोचायला सुरुवात केली तर लगेच पिल्ले परत घ्यावीत.

## टप्पा ६: सहा आठवड्यांचे खाणे

पशुखाद्याच्या दुकानात ‘चिक स्टार्टर’ मागावे. त्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात. दुकानदार ‘कोंबडीचेच खाद्य आहे’ म्हणून लेअर खाद्य पुढे करतो. ते अंड्यांवर आलेल्या कोंबडीसाठी असते आणि त्यातल्या जादा कॅल्शियमने पिल्लांची मूत्रपिंडे बिघडतात. मलाही ते एकदा मिळाले होते. पोत्यावरचे लेबल मी घरी येऊन वाचले. ब्रॉयलरचे स्टार्टर मिळाल्यास तात्पुरते चालते. एका पिल्लाला पहिल्या आठवड्यात रोज साधारण १० ग्रॅम आणि सहा आठवड्यांत मिळून किलो-सव्वा किलो खाद्य लागते, म्हणून पाच पिल्लांसाठी २५ किलोचे पोते घेऊ नये. पावसाळ्यात उघड्या पोत्याला बुरशी धरते व बुरशीचे खाद्य पिल्लांना विषासारखे असते. कुबट वास आला की टाकून द्यावे, वाळवून वापरू नये.

दुकान बंद असेल तर एक-दोन दिवस उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून त्यात मक्याचा किंवा ज्वारीचा बारीक भरडा मिसळून द्यावा. ‘कोंबडीला अंडे?’ असा प्रश्न येतोच. पिल्लू अंड्यातच त्या बलकावर वाढलेले असते. उरलेले तासाभरात काढून घ्यावे, नाही तर लाल मुंग्या येतात, आणि लाल मुंग्या लहान पिल्लाला जिवंतपणी खातात. खोक्याच्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत चांगला आहे.

केवळ कण्यांवर पिल्ले जगतात पण वाढत नाहीत. पाय लुळे आणि पिसे विरळ राहतात. दूध, पाव, फरसाण आणि मिठाचे काहीही देऊ नये. दुसऱ्या आठवड्यापासून वाळवीचा एखादा तुकडा द्यावा. मोकाट आईची पिल्ले त्यावर अक्षरशः तुटून पडतात. वाळवी औषध मारलेल्या जागेची नसावी. अख्खा दाणा किंवा पालेभाजी सुरू केली की सोबत चिमूटभर जाडसर वाळू हवी, कारण दात नसलेल्या पक्ष्याच्या पोटातले दळण वाळूवर चालते.

## टप्पा ७: रोजची तपासणी

सकाळी प्रत्येक पिल्लू उचलून उलटे करून पाहावे. पहिल्या आठवड्यात शेपटीखाली शी वाळून बुड बंद होते आणि ते वेळेवर न दिसल्यास पिल्लू मरते. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून ठेवावा, मऊ झाल्यावर पुसावे व खोबरेल तेलाचे बोट लावावे. ओढून काढल्यास कातडी फाटते. पोटाच्या बाजूला दिसणारी बारीक खपली ही बेंबी आहे, ती खरवडू नये.

पाय फाकलेले दिसले तर दोन्ही पायांना कागदी चिकटपट्टीची सैल बेडी, मध्ये सुमारे इंचभर अंतर ठेवून, दोन-तीन दिवस बांधावी. हा उपाय पहिल्या आठवड्यातच चालतो.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवणीकडे लक्ष ठेवावे. पिल्लू पिसे फुगवून, डोळे मिटून एकटे उभे राहते आणि शीमध्ये लालसर चिकट भाग दिसतो. हा रोग ओल्या तुसात वाढतो. त्याचे जंतू उबदार ओलीत एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोजच्या रोज काढणे हाच खरा प्रतिबंध आहे. लक्षण दिसताच शी कागदात घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. ॲम्प्रोलियम हे औषध वेळेवर मिळाले तर पिल्ले वाचतात. हळद आणि लसूण यांनी कोणाचे बिघडत नाही, पण त्यांच्या भरवशावर गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. माणसांच्या अँटिबायोटिक गोळ्यांचा चुरा देऊ नये. उवा-पिसवांसाठी शेतातली कीटकनाशक पावडर किंवा रॉकेल मुळीच लावू नये. तीन आठवड्यांनंतर चाळलेली राख आणि वाळू घातलेली पाटी लोळायला ठेवली की बरेच काम होते.

इशारा: पिल्ले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, त्यांची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासू नयेत आणि लहान मुलांना ती तोंडाजवळ नेऊ देऊ नये. निरोगी पिल्लाच्या शीतही साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नवी पिल्ले तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावीत आणि रोज आधी घरच्या कोंबड्यांचे करून मग त्यांच्याकडे जावे. एका दिवसात अनेक पक्षी अचानक मेले, तर ते ओढ्यात फेकू नयेत आणि कुत्र्यालाही घालू नयेत. नजीकच्या दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू आला होता, त्यामुळे अशी मर लपवणे परवडणारे नाही.

## टप्पा ८: लस

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, या रोगावर उपचार नाही; फक्त लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस, असा सर्वसाधारण क्रम आहे. नेमका क्रम आपल्या भागातल्या पशुवैद्यांना विचारून ठरवावा. अडचण अशी की एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची मात्रा असते आणि फोडलेली कुपी दोन तासांत संपवावी लागते. वाडीतल्या चार घरांना एकाच सकाळी बोलावले तर खर्चही वाटला जातो. लस २ ते ८ अंशांत, बर्फाच्या डब्यातून आणावी. खिशातून आणलेली लस टोचणे म्हणजे पाणी टोचणे. मलूल किंवा नुकत्याच गारठलेल्या पिल्लाला लस देऊ नये; ते दोन-तीन दिवस नीट खाऊ लागेपर्यंत थांबावे.

## टप्पा ९: भीती

मोकाट आईकडून दोन दिवसांतही पिल्लांनी भीती शिकलेली असते. आठवड्यापेक्षा मोठे पिल्लू हात दिसताच भिंतीवर आपटते. खोका टेबलावर ठेवावा, म्हणजे माणूस वरून न येता बाजूने येतो. आत एका कोपऱ्यात सुती पट्ट्यांची झालर बांधून लपायला जागा द्यावी. दिवसातून तीन-चार वेळा तळहातावर खाद्य घेऊन, हात न हलवता पाच मिनिटे ठेवावा. पकडून पकडून माणसाळवण्याचा प्रयत्न उलटतो. एकच पिल्लू असेल तर त्याला त्याच वयाचा सोबती शोधावा. आरसा आणि मऊ फडके यांवर दोन-चार दिवस निघतात, त्यापुढे नाही.

## टप्पा १०: बाहेर

सहा आठवडे पूर्ण झाल्यावर, अंगावर पूर्ण पिसे आल्यावर आणि पाऊस नसताना बाहेर काढावे. पहिला आठवडा डालग्याखाली किंवा जाळीच्या पिंजऱ्यातच ठेवावे. खुराड्याला अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावावी. षटकोनी कोंबडीजाळीतून कोंबडी बाहेर येत नाही इतकेच, घूस आणि साप आत जातात. मुंगूस खालून उकरतो, म्हणून जाळी वीतभर जमिनीत पुरावी. दिवसा घार आणि कावळा, संध्याकाळी मांजर, पहाटे मुंगूस, हे धरून चालावे.

निम्मी पिल्ले कोंबडे निघतील. सहा ते आठ आठवड्यांत लालसर व मोठा होऊ लागलेला तुरा हे सांगतो आणि तीन-चार महिन्यांत आरवणे सुरू होते. इमारतीत राहणाऱ्यांनी कोंबड्यांसाठी गावाकडचे घर आधीच पाहून ठेवावे. झुंजीसाठी मागणाऱ्याला देऊ नये; प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने झुंजी लावणे गुन्हा आहे.

पहिल्या संध्याकाळी पिल्ले खुराड्यात आपणहून जात नाहीत. जिथे खोका होता, त्या खोलीच्या दारापाशी ती येऊन बसतात. तीन-चार संध्याकाळी त्यांना अंधार पडताच एकेक करून उचलून आत ठेवावे, मोजावे आणि मग कडी लावावी. आमच्याकडे चार मोजायची असत आणि रोज तीनच भरत. चौथे गडग्याच्या त्याच फटीच्या वर, एका चिऱ्यावर बसलेले सापडे.